तिच्या नावचा नकार

त्या वर्षी ऊन महिनाभर आधीच तापलं आणि गुलाबांना लाल कोळी लागला. पानाच्या पाठीवर तांबूस धूळ बसल्यासारखी दिसायची. बोट लावलं की धूळ चालू लागायची. तोडणीच्या बायका सकाळी सहाला फुलं कापायची कात्री, सिकेटर, घेऊन वाफ्यांत शिरायच्या, आणि नऊ वाजले की प्लास्टिकच्या छपराखाली अशी वाफ कोंडायची की अंगातला सदरा सोलून काढावा लागे. गुलाब म्हटल्यावर लोकांना काय काय आठवतं. या बायकांना आठवायचे ते काटे, फवाऱ्याचा वास आणि धरलेली कंबर.

मॅनेजरनं एका सकाळी सगळ्यांना पॅकिंग शेडमध्ये गोळा केलं आणि क्रेटवर उभं राहून दोन गोष्टी सांगितल्या. एक, कोळी आवरला नाही तर हंगाम लवकर संपेल आणि तोडणीवाल्यांना चारऐवजी सहा महिने घरी बसावं लागेल. दुसरी, परदेशातली एक कंपनी इथली फुलं घ्यायच्या विचारात आहे. तिची बाई दीड महिन्यानं बघायला येणार. तिच्याशी आणि मग फोनवर तिच्या माणसांशी इंग्रजीत बोलायला पॅकिंग शेडमध्ये एक बाई नेमायची आहे. कायम. बारा महिने, सावलीत, खुर्चीवर.

"साहेब, इंग्रजीचं राहू द्या," मागून कुणीतरी म्हणालं, "खुर्चीवर बसायचं आम्हाला आत्ताच येतं."

सगळ्या हसल्या. एक हसली नाही. ती सात वर्षं तोडणीला होती. नववीपर्यंत शिकलेली, वाचायची हौस असलेली, डाव्या अंगठ्याचं नख काट्यानं कायमचं काळं झालेली. हंगाम संपला की दरवर्षी ती खडी फोडायला जायची, आणि गुडघे आता त्याला नाही म्हणत होते. 'कायम' हा शब्द तिनं ऐकला आणि त्या दिवशी घरी तो बोलूनसुद्धा दाखवला नाही. बोललं तर दृष्ट लागेल अशी भीती वाटली.

मळ्यानं राहायला दिलेल्या खोलीत माणसं तीन. ती, फवारणीवर असलेला नवरा, आणि सासू. पुढे जे झालं ते या तिघांपैकी दोघांना आधी माहीत होतं आणि जिचं होतं तिला सगळ्यांत शेवटी कळलं. तेही परक्या बाईच्या तोंडून, इंग्रजीत.

शिकवायला एक निवृत्त मास्तर ठेवले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आवाज मात्र खणखणीत. दुपारी जेवणाच्या सुट्टीत उलट्या क्रेटवर बसून शिकायचं. पहिल्या दिवशी अकरा बायका आल्या.

"आपलं काम काय? कापायचं," मास्तर म्हणाले. "म्हणून कट. आज कापतो, वुई कट. काल कापलं, वुई कट. कापून झालंय, वुई हॅव कट."

"म्हणजे कालही कट, आजही कट?" एकीनं विचारलं. "मग मास्तर, एवढं सोपं आहे तर लोक नापास कशाला होतात?"

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वाढण्याचा शब्द काढला. ग्रो, ग्रू, ग्रोन. तीन वेळा तीन रूपं. तिसऱ्या दिवशी अकराच्या सहा झाल्या. आठवड्यानं चार, पंधरवड्यानं दोन. एक ही, आणि दुसरी मोजणीवाली. फुलांच्या जुड्या मोजून बांधायचं काम करायची म्हणून मोजणीवाली. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, घरी आंधळी आई. बोलायची इतकं हळू की मास्तर म्हणायचे, "बाई, इंग्रजी असो की मराठी, आधी ऐकू तर येऊ दे."

काळांचा गुंता हिनं आपल्या परीनं सोडवला. मास्तर सांगायचे ते नियम हिच्या डोक्यातून संध्याकाळपर्यंत गळून जायचे. पण एकदा ते वैतागून म्हणाले, "अगं, आधी स्वतःला विचार, गोष्ट संपली की अजून चालू आहे?" ते तिनं धरून ठेवलं. वाफ्यात ओणवी होऊन कळ्या कापताना ती जे दिसेल त्याला विचारायची. ठिबकची नळी फुटली, संपलं की चालू? सात वर्षं इथे काम करतेय, संपलं की चालू? नवरा खोकला की त्यालाही विचारायची, "तुमचा खोकला संपला की चालू?" शेजारच्या वाफ्यातल्या बायकांनी तिचं नाव 'मड्डम' ठेवलं. "मड्डम, जरा त्या काट्याला इंग्रजीत सांग की टोचू नको म्हणून."

प्रश्नांनी मात्र रडवलं. मास्तर म्हणाले, पाहुण्याच्या अंगावर प्रश्न फेकायचा नाही, अदबीनं पुढे करायचा. कोल्ड रूम कुठे आहे असं धडकन विचारायचं नाही. कुड यू टेल मी म्हणायचं, आणि मग व्हेअर द कोल्ड रूम इज. 'इज' शेवटी. मोजणीवाली आणि ती, दोघी आठ दिवस 'इज' पुढे घालायच्या नि मास्तर आठ दिवस कपाळावर हात मारायचे.

नवव्या दिवशी बादलीत फुलं लावता लावता ती थांबली आणि मोजणीवालीला म्हणाली, "अगं, आपण तरी काय म्हणतो? कोल्ड रूम कुठे आहे, ते सांगता का? 'आहे' आपलं शेवटीच असतं की. अदबीनं विचारताना त्यांचं बोलणं आपल्यासारखं होतं, बस."

मोजणीवालीनं दोनदा पुटपुटून पाहिलं आणि दोघी तिथेच, हातात फुलं धरून, हसत सुटल्या. त्यानंतर त्यांचं चुकलं नाही. मास्तर त्या दिवशी घरून आणलेल्या फुटाण्यांची पुडी दोघींच्या मधे ठेवून निघून गेले.

तिसऱ्या आठवड्यात तिनं नवऱ्याला सांगितलं, मला ती जागा पाहिजे. सांगताना ती त्याच्याकडे न बघता चुलीकडे बघत होती.

"मग मिळव की," तो म्हणाला. "अडवलंय कुणी?"

आणि खरोखरच तो मदतीला बसला. फवारणीवरून आला की हातपाय घासघासून धुवायचा, तरी औषधाचा वास जायचा नाही. टॉवेल डोक्यावर घेऊन, मान ताठ करून तो परदेशी बाई व्हायचा. त्याला इंग्रजी यायचं नाही. पण तिच्या वहीत मराठी अक्षरांत लिहिलेले प्रश्न तो मोठ्यांदा वाचायचा आणि खालचं उत्तर हातानं झाकून धरायचा.

"कुड यू टेल मी," तो बारीक आवाज काढून म्हणायचा, "हाऊ लाँग यू हॅव वर्क्ड हिअर?"

"आय हॅव वर्क्ड हिअर फॉर सेव्हन इयर्स."

"बरोबर. पण मॅडम, जरा हसून. परदेशी माणसाला हसून बोललेलं आवडतं म्हणे."

सासू कोपऱ्यात धान्य निवडत बसलेली असायची. सुरुवातीला तीही हसायची. मग एका संध्याकाळपासून तिचं हसणं बंद झालं. धान्य संपलं तरी रिकाम्या ताटात बोटं फिरवत बसायची. सुनेनं विचारलं, "आई, बरं नाही का?" तर म्हणाली, "मला काय होतंय?" आणि तोंड भिंतीकडे केलं.

वाफ्यातही काहीतरी बदललं होतं. 'मड्डम' म्हणून हाका येईनाशा झाल्या. ती जवळ गेली की बोलणं थांबायचं. तिला वाटलं, जळतात. वाटून थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोला. जिला आयुष्यात कुणी जळावं असं काही मिळालं नव्हतं, तिला पहिल्यांदा त्याची चव लागत होती.

कंपनीची बाई यायच्या दिवशी ती पहाटेच उठली. केस धुतले, धुवट सदरा घातला. शेडच्या दारात मॅनेजर भेटला. तिच्याकडे नीट न बघता म्हणाला, "तू आज वाफ्यातच थांब. तोडणी अडायला नको."

"आणि बोलावलं तर?"

"बघू," तो म्हणाला आणि फोनवर लागला.

बोलावतीलच, ती मनात म्हणाली, आणि सिकेटर घेऊन चौथ्या वाफ्यात शिरली. आठच्या सुमारास मोजणीवाली पळत आली. नवा शर्ट, पायांत नव्या चपला. तिनं हिचे काट्यांनी ओरखडलेले दोन्ही हात हातात घट्ट धरले. डोळे भरलेले.

"तुझे उपकार मी जन्मात विसरणार नाही गं," ती म्हणाली. "आईलासुद्धा सांगितलंय मी."

"वेडी का तू? दोघींनीच तर केलं सगळं," ही म्हणाली. तिला वाटलं, अभ्यासाचंच म्हणतेय. मोजणीवाली डोळे पुसत पळाली. ही पुन्हा कापायला लागली.

बाई साडेनऊला आली. उंच, मानेवरची कातडी उन्हानं लाल झालेली, पायांत चिखलाचे जुने बूट. तिच्याबरोबर मॅनेजर, मागे मास्तर, मोजणीवाली, आणि त्यांच्यामागे हिचा नवरा. त्याच्या पाठीवर पंप नव्हता. इस्त्रीचा सदरा घातला होता. हा मिरवणुकीत कशाला, असं तिच्या मनात आलं, पण तेवढ्यात बाई तिच्याच वाफ्यात वळली. चालता चालता वाकली, एक पान उलटं केलं, पाठ पाहिली, बोटानं पुसली आणि बोट डोळ्यांजवळ नेलं. काम करणारं माणूस काम करणाऱ्याला ओळखतं. तिला ती बाई तिथल्या तिथे आवडली.

बाईनं हातातली, मॅनेजरनं पाठवलेली नावांची यादी पाहिली, मास्तरांना काही विचारलं. मास्तरांनी हिच्याकडे हात केला. बाई हसली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

"आय वॉज वंडरिंग व्हाय यू डिसायडेड नॉट टू टेक द जॉब."

तिथे उभ्या असलेल्यांत चौघांनाच ते नीट कळलं. विचारणारीला, मास्तरांना, मोजणीवालीला आणि हिला. हिला तर सगळ्यांत लवकर. इतक्या दिवसांच्या घोटाईनं तिचं डोकं असं तयार झालं होतं की शब्द कानात पडता पडताच त्याचं मराठी झालं. ही जागा तू का नाकारलीस, याचं मला नवल वाटत होतं. प्रश्न किती अदबीनं केलाय हेही कळलं, 'इज' नि 'डिड'सारखं काही पुढे आलेलं नाही हेही कळलं. कान अगदी मास्तरांनी घडवले तसे चालत होते.

सिकेटर तिच्या हातातून सुटलं नाही. तिनं ते मुद्दाम घट्ट धरलं.

"कुड यू टेल मी," ती म्हणाली, "हू टोल्ड यू दॅट?"

बाईनं भुवया वर केल्या आणि पेनानं मॅनेजरकडे दाखवलं. मॅनेजरला शब्द कळले नाहीत, पण पेनाचं टोक कळलं. तो हसला, सगळ्यांसमोर, मोठ्यांदा.

"अगं, काय बोलतेस बाईंशी? तुझ्या नवऱ्यानंच सांगितलंय ना, तुला नको म्हणून. घरचं बघायचंय, जमणार नाही म्हणून. तीन आठवडे झाले त्याला."

वाफ्यावाफ्यांत सिकेटरं थांबली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो इस्त्रीच्या सदऱ्याची बाही ओढत होता. मग मोजणीवालीकडे पाहिलं. तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता. "भाऊजी मला म्हणाले, तू माझ्यासाठी सोडलीस," ती पुटपुटली. "खरंच, मला तसंच सांगितलं गं."

बाकीच्या बायका पानं बघत होत्या. ती जळण्याची गंमत हिला आता कळली. त्या जळत नव्हत्या. त्यांना कीव येत होती, आणि सांगायचं कुणी हा प्रश्न होता. सांगून वाईट कशाला व्हा, म्हणून प्रत्येकीनं आपलं तोंड आपल्या वाफ्यात घातलं होतं.

"आय डिड नॉट डिसाइड," ती बाईला म्हणाली. आवाज फाटला, पण शब्द जागेवर होते. "नोबडी आस्क्ड मी."

बाईनं पेन बंद करून खिशात ठेवलं. तिनं मॅनेजरकडे पाहिलं नाही. फक्त मानेनं 'चल' म्हटलं आणि हिला बरोबर घेऊन वाफ्यातून पुढे निघाली. हा कोळी कधीपासून आहे, ते सांगशील का, असं तिनं विचारलं. मॅनेजरनं आधीच 'टू डेज' म्हणून दोन बोटं दाखवली होती, ती मागे उभ्या असलेल्यांनी पाहिली होती.

गोष्ट संपली की चालू? चालू.

"वुई हॅव बीन फायटिंग देम फॉर सिक्स वीक्स," ती म्हणाली. "दे केम विथ द हीट. धिस शेड इज द वर्स्ट. द न्यू शेड इज क्लीन."

वाफा संपेपर्यंत ती बोलत राहिली. कुठलं औषध मारलं, किती फुलं टाकून दिली, कोल्ड रूम कुठे आहे. एकही काळ चुकला नाही. मास्तर मागून चालताना रुमालानं चष्मा पुसत होते. आतून ती रिकाम्या घागरीसारखी झाली होती आणि तोंडातून इंग्रजी येत होतं. कुणी तारीफ केली असती तर तिला ओकारी आली असती.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासू उंबऱ्यात बसली होती. वाट अडवून बसल्यासारखी.

"मला माहीत होतं," सासू म्हणाली. विचारायच्या आधीच. "मी त्याला म्हटलं, तिला सांग. म्हणाला, बाई येऊन जाऊ दे, मग सांगतो. मी काय करू? माझ्या पोटचा आहे तो."

"आणि मी?"

सासूनं सरकून वाट दिली.

नवरा अंधार पडायच्या आत आला. आज त्यानं हातपाय धुतले नाहीत, धुवायला काही लागलंच नव्हतं. खाटेच्या कडेला बसला.

"जुन्या मुकादमाची कंबर गेली. त्याची जागा मला देतो म्हणाले," तो म्हणाला. "कायम. पण एका खोलीला एकच कायम कार्ड, असा मालकाचा नियम आहे. मॅनेजर म्हणाला, तुझं की तिचं, आत्ताच्या आत्ता सांग. बाहेर चार माणसं थांबलेली. मी काय करणार?"

"मला विचारायचं."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस का?"

"नसते म्हणाले."

"मग?" तो म्हणाला, जणू यातच सगळं आलं. "आणि कायम जागा घरात आली ना? तुझी काय नि माझी काय! मी अकरा वर्षं ते विष पाठीवर वाहतोय. माझे डोळे बघ. तुला खुर्चीवर बघितलं असतं आणि मी पंप घेऊन तुझ्या दारावरून गेलो असतो, लोक काय म्हणाले असते? बायको साहेबीण नि नवरा फवारणीवाला."

त्याचे डोळे खरोखर लाल होते. अकरा वर्षं ते लालच होते आणि तिनंच रोज त्यांत पाणी घातलं होतं. त्याची कणव तिला आत्ताही आली. हेच तिला सहन होईना.

"जागा घेतलीत, ते एक वेळ गिळीन मी," ती म्हणाली. "माणूस लोभानं करतं. भीतीनं करतं. पण त्यानंतर तीन आठवडे तुम्ही रोज टॉवेल डोक्यावर घेऊन बसलात. रोज. मला म्हणालात, हसून बोल. कशासाठी?"

तो खाटेची सुतळी ओढत राहिला.

"सांगा ना. कशासाठी?"

"तू खूश होतीस," तो शेवटी म्हणाला. "तुला खूश बघून... मला सांगवेना."

तिनं तोंडात ओढणीचं टोक कोंबलं आणि रडली, आवाज न करता, खांदे हलवत. एकदा केलेली गोष्ट झाली गेली म्हणता येते. ही झाली गेली नव्हती. ती रोज संध्याकाळी नव्यानं केली जात होती, तिच्यासमोर, हसत हसत, आणि तिनं त्या माणसाला रोज चहा करून दिला होता. जे सात वर्षांतलं सगळ्यांत सुखाचं वाटलं होतं तेच नेमकं खोटं निघालं. जागा गेली तर खडी फोडून पोट भरता येतं. या संध्याकाळी कुठून भरून आणायच्या?

सासूनं जेवायला हाक मारली. कुणी उठलं नाही.

सकाळी तोडणी सुरू व्हायच्या आधीच मॅनेजरनं दोघांना ऑफिसात बोलावलं. टेबलावर हजेरीचं जाडं रजिस्टर उघडं होतं. मॅनेजरचं तोंड लांबलेलं. परदेशी बाईनं जाताना त्याला कोळ्याबद्दल बरंच सुनावलं होतं, पण फुलं घ्यायचं कबूलही केलं होतं.

"बाईंनी दोघी मागितल्यात," तो म्हणाला. "जुन्या पॅकिंग शेडला मोजणीवाली, यंदा बांधलेल्या नव्या शेडला तू. नावासकट सांगून गेल्यात, मी काय करू? पण खोली नंबर चौदाला काल मुकादमाचं कार्ड लिहिलंय. एका खोलीला एकच. नियम मी केलेला नाही. आता कुणाचं ठेवायचं, कुणाचं खोडायचं, ते सांगा."

ती तोंड उघडणार तेवढ्यात नवरा पुढे झाला.

"साहेब, ती समजूतदार आहे," तो म्हणाला. आवाजात माया होती, खरीखुरी. "तिला कळतं. माझंच राहू..."

मॅनेजरनं पेन उचललंसुद्धा.

कालपासून ती रडली होती, भुकेली होती, रात्रभर कुशीवर कुशी बदलत होती. रात्री कुठल्या तरी क्षणी तिनं त्याला माफही करून टाकलं होतं. डोळ्यांचं औषध त्याच्या उशाशी नेऊन ठेवलं होतं. पण तो शब्द ऐकला आणि तिला लख्ख कळलं, की हा माणूस वाईट नाही आणि हा माणूस थांबणार नाही. तिच्या तोंडचं तो असाच बोलत राहणार, मायेनं, जन्मभर.

"साहेब," ती म्हणाली, "रिकामी खोली आहे का एखादी?"

"खोली? एक आहे. औषधांच्या गोदामाला लागून. वास मारतो म्हणून कुणी घेत नाही. का?"

"ती माझ्या नावावर लिहा. आणि कार्ड त्या खोलीला लावा."

मॅनेजरनं चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे? नवरा एका खोलीत नि बायको दुसऱ्या?"

"नियम खोलीचा आहे ना?"

"खोलीचाच आहे," मॅनेजर म्हणाला आणि डोकं खाजवत पानं उलटू लागला. असं आजवर कुणी मागितलं नव्हतं, त्यामुळे 'नाही' कुठल्या रकान्यात लिहायचं हे त्याला सापडेना. शेवटी त्यानं खोली नंबर लिहिला, नाव लिहिलं आणि सहीसाठी रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. तिनं पूर्ण नाव लिहून सही केली.

नवरा तिच्यामागून धावत बाहेर आला. पॅकिंग शेडच्या कोपऱ्याशी त्यानं तिला गाठलं. तोंडावर हसू आणायची धडपड चालली होती.

"भारी डोकं चालवलंस," तो म्हणाला. "दोघांचीही कार्डं झाली. माझ्या डोक्यातच आलं नाही बघ. कागदावरच ना पण? राहायचं तर आपण चौदातच."

ती चालत राहिली. घरी आली, आपलं अंथरूण गुंडाळलं, दोन सदरे, कंगवा आणि एक पातेलं त्यावर ठेवलं. सासू कोपऱ्यातून बघत होती. "बाई गं," एवढंच म्हणाली आणि उठून तिनं आपल्या अंगावरची जाड चादर सुनेच्या गाठोड्यावर घातली. सुनेनं ती घेतली.

नवरा दारात उभा होता. वाट अडवली नव्हती, पण सोडलीही नव्हती. त्याचं हसू आता गेलं होतं.

"जेवायला तरी इकडे येशील ना?" त्यानं विचारलं. "लोक विचारतील मला. काय सांगू त्यांना?"

बाहेर तोडणीची घंटा झाली. बायका रांगेनं शेडकडे निघाल्या होत्या आणि या दाराशी येऊन त्यांची चाल मंदावत होती.

"यायचं की नाही ते मी ठरवीन," ती म्हणाली, "आणि मीच सांगेन. तोवर माझ्या वतीनं कुणाला काही सांगू नका."

तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं. तो बाजूला झाला.